मालकाच्या वहीत सापडला जन्म : फ्रेडरिक डग्लस आणि गुलामांच्या वंशावळीचा शोध

आपल्याकडे घरातल्या जुन्या माणसांची कागदपत्रं काढली की एक तारीख हमखास भेटते. १ जून. शाळेत नाव घालायला गेल्यावर पोराची जन्मतारीख कुणालाच सांगता यायची नाही. मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि शाळा सुरू होण्याच्या हिशोबाने १ जून टाकून मोकळे व्हायचे. आजोबांना त्याचं फारसं काही वाटत नाही. आपल्यालाही वाटत नाही.

आता दुसरा एक माणूस बघा. तो अब्राहम लिंकनना व्हाइट हाउसमध्ये जाऊन भेटला होता. त्याची पुस्तकं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हजारोंनी खपली. एकोणिसाव्या शतकात सगळ्यात जास्त फोटो काढले गेलेला अमेरिकन, अशीही त्याची ओळख सांगितली जाते. पण आपला जन्म कधी झाला, हे त्याला माहीत नव्हतं. तो मरेपर्यंत ते शोधत राहिला.

त्याचं नाव फ्रेडरिक डग्लस.

फरक एवढाच की त्याची जन्मतारीख कुणी विसरलं नव्हतं. ती लिहून ठेवलेली होती. पण ज्या वहीत लिहिली होती ती त्याच्या घरातली नव्हती, त्याच्या मालकाची होती. ती नोंद पुस्तकातून जगासमोर आली १९८० साली, म्हणजे डग्लस जाऊन ८५ वर्षं झाल्यावर.

ही गोष्ट डग्लस यांची आहेच. पण ज्यांची नावंही कुणी नीट लिहिली नाहीत, त्या लाखो गुलामांची घराणी आज कशी शोधली जातात, याचीही आहे.

आजीची झोपडी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड राज्य आहे. त्यातल्या टॅलबट काउंटीत टकाहो नावाचा ओढा वाहतो. त्याच्या काठावरच्या एका झोपडीत फ्रेडरिक लहानाचा मोठा झाला. त्याचं मूळ नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली.

झोपडी आजीची होती. आजीचं नाव बेट्सी बेली. ती मासेमारीची जाळी विणायची, रताळ्याची रोपं लावण्यात तिचा हातखंडा होता आणि मुलींना झालेली पोरं सांभाळणं हे तिचं मुख्य काम होतं. कारण तिच्या मुली दूरच्या शेतांवर कामाला लावलेल्या असायच्या.

फ्रेडरिकची आई हॅरिएट त्यांच्यापैकीच एक. ती साधारण १२ मैलांवर राबायची. दिवसभराचं काम उरकलं की कधीतरी रात्री चालत यायची, पोराला कुशीत घेऊन झोपवायची आणि उजाडायच्या आत परत जायची. सूर्योदयाला शेतावर हजर नसलं तर चाबूक ठरलेला. फ्रेडरिकने आईला आयुष्यात मोजून चार-पाच वेळा पाहिलं, तेही बहुतेक अंधारात.

सहा वर्षांचा झाल्यावर आजीने त्याला वाय हाउस नावाच्या मोठ्या जमीनदारीवर नेऊन सोडलं. तिथला कारभारी होता ॲरन अँथनी. जमीनदारी लॉइड घराण्याची होती, पण बेली कुटुंबाचा मालक हा अँथनी होता. आजी पोराला इतर मुलांत खेळायला सोडून गुपचूप निघून गेली. गुलामांची मुलं कामाच्या वयाला आली की हे असंच व्हायचं.

तिथे एका रात्री आई भेटायला आली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईने पोराला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. आईने तिला चांगलं फैलावर घेतलं आणि पोराला हृदयाच्या आकाराचा गोड केक दिला. फ्रेडरिकच्या आठवणीतली आईची ती शेवटची भेट. तो सातेक वर्षांचा असताना ती वारली. त्याला ना तिच्या आजारपणात जाता आलं, ना मातीला.

घोडे, डुकरं आणि माणसं एकाच यादीत

१८२६ मध्ये फ्रेडरिकला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवलं गेलं. त्यांची बायको सोफिया हिने त्याला अक्षरं शिकवायला घेतली. नवऱ्याला कळल्यावर त्याने ते बंद पाडलं. गुलाम वाचायला शिकला की हातातून गेला, हे त्याचं साधं गणित होतं. पोराने ते गणित ऐकलं आणि उलटा धडा घेतला. रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन तो त्यांच्याकडून वाचायला शिकला.

त्याच वर्षाच्या शेवटी अँथनी मृत्युपत्र न करता मेला. मग त्याच्या मालमत्तेची वाटणी आली. १८२७ च्या ऑक्टोबरमध्ये नऊ वर्षांच्या फ्रेडरिकला त्यासाठी बाल्टिमोरहून परत आणलं गेलं. म्हातारे, तरुण, बायका, तान्ही मुलं, घोडे, गुरं, डुकरं यांना एकत्र उभं करून प्रत्येकाची किंमत ठरवली गेली.

ही यादी लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

वाटणीत आजी एका वारसाकडे गेली, फ्रेडरिक दुसऱ्याकडे. अँथनीच्या मुलीचा, लुक्रेशियाचा नवरा थॉमस ऑल्ड आता त्याचा मालक झाला. भावंडं पांगली. १८३२ मध्ये त्याची बहीण सारा दूर मिसिसिपी राज्यात विकली गेली. मोठ्या भावाचं, पेरीचं काय झालं हे त्याला पुढची कित्येक वर्षं कळणार नव्हतं.

नाव टाकलं, माणूस सुटला

३ सप्टेंबर १८३८. खलाशाचा वेश, उसने घेतलेले कागद आणि बाल्टिमोरहून सुटणारी रेल्वे. विसाव्या वर्षी फ्रेडरिक पळाला आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कला पोचला. त्याला या कामात मदत करणारी ॲना मरे ही मुक्त कृष्णवर्णीय तरुणी मागोमाग आली. दोघांनी लग्न केलं आणि न्यू बेडफर्ड या बंदराच्या गावी संसार मांडला.

पळालेल्या गुलामाला जुनं नाव ठेवून चालत नाही. बेलीचा आधी जॉन्सन झाला. पण न्यू बेडफर्डमध्ये इतके जॉन्सन होते की तेही नाव बदलावं लागलं. ज्यांच्या घरी आसरा घेतला होता त्यांनी वॉल्टर स्कॉटच्या काव्यातलं एक नाव सुचवलं. तेव्हापासून ते फ्रेडरिक डग्लस.

आता गोम इथे आहे. सुटका करून घ्यायची तर नाव टाकावं लागतं. आणि नाव टाकलं की आई, आजी, भावंडांकडे परत जाणारा धागाही तुटतो. हजारो पळालेल्या गुलामांच्या बाबतीत हेच झालं. म्हणूनच त्यांचे वंशज आज अडतात.

डग्लस यांनी मात्र तो धागा स्वतःच पुन्हा जोडला. त्यांची भाषणं इतकी प्रभावी व्हायची की हा माणूस गुलाम होता यावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापलं आणि त्यात मालकांची, मुकादमांची, गावांची खरी नावं टाकली. यात जिवाचा धोका होता, कारण कायद्याने ते अजूनही ऑल्ड यांची मालमत्ता होते. मेरीलँडमध्ये पूर्वी राहिलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने हे पुस्तक खोटं असल्याचं वर्तमानपत्रात लिहिलं. पण लिहिता लिहिता आपण या फ्रेडरिक बेलीला ओळखत होतो, हेही त्याने कबूल केलं. डग्लस यांना हवा होता तो पुरावा विरोधकानेच दिला.

पुढची दोनेक वर्षं त्यांनी आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये काढली. तिथल्या मित्रमंडळींनी १५० पौंड जमवून त्यांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. डिसेंबर १८४६ मध्ये मुक्तीचा कागद नोंदवला गेला. त्यात या माणसाचं वय लिहिलं होतं, सुमारे २८ वर्षं. १८४६ मधून २८ वजा करा. उत्तर १८१८ येतं. तेही लक्षात ठेवा.

उत्तर मिळालं, पण पटलं नाही

गुलामगिरी १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने संपली. इकडे पुण्यात जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली. त्या लढ्यातला एक मोठा आवाज डग्लस यांचा होता.

कायदा बदलला, पण पांगलेली कुटुंबं कायद्याने एकत्र येत नसतात. युद्धानंतर हजारो माणसांनी आई, मुलगा, बायको यांच्या शोधासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. कुणाला कुठे, कुणी विकलं, शेवटचं कधी पाहिलं, एवढंच त्यात असायचं. चर्चमध्ये त्या मोठ्याने वाचून दाखवल्या जात.

डग्लस या बाबतीत नशीबवान निघाले. १८६४ च्या नोव्हेंबरात मेरीलँड गुलामगिरीमुक्त झाल्यावर ते बाल्टिमोरला भाषणाला गेले, तेव्हा बहीण एलायझा त्यांना भेटायला आली. जवळपास तीस वर्षांनी. १८६७ मध्ये भाऊ पेरी टेक्सासहून बायकापोरांसह रॉचेस्टरला त्यांच्या दारात आला. पेरीची बायको टेक्सासला विकली गेली होती आणि तो तिच्यामागे तिथवर गेला होता. डग्लस यांनी त्याच्यासाठी आपल्या जागेत छोटं घर बांधून दिलं.

जन्मतारखेचा प्रश्न मात्र तसाच होता. मूल असताना फ्रेडरिकला मालकाला वय विचारायचीसुद्धा सोय नव्हती. तसं विचारणं उद्धटपणा ठरायचा. कानावर पडलेल्या गोष्टींवरून त्यांनी १८१७ साल धरलं होतं.

१८७७ मध्ये ते सेंट मायकल्स गावी थॉमस ऑल्ड यांना भेटायला गेले. हाच तो माणूस, ज्याच्यावर त्यांनी वर्षानुवर्षं जाहीर टीका केली होती. म्हाताऱ्या आजीला या माणसाने वाऱ्यावर सोडलं असा आरोप त्यांनी छापला होता. पुढे ऑल्डने तिला आपल्या घरी आणून ठेवल्याचं कळलं, तेव्हा ती चूक त्यांनी जाहीरपणे दुरुस्तही केली होती. आता ऑल्ड मरणाच्या दारात होता. दोघेही रडले. सावरल्यावर डग्लस यांनी विचारलं ते जन्माबद्दल. ऑल्ड म्हणाला, नक्की सांगता येत नाही, पण बहुधा फेब्रुवारी १८१८.

हे उत्तर बरोबर होतं. पण डग्लस यांना ते पटलं नाही. लहानपणी बाल्टिमोरला निघताना लुक्रेशियाने सांगितलेलं वय त्यांच्या लक्षात होतं. त्यावरून आणि ते निघाल्याचं जे वर्ष त्यांनी मनात धरलं होतं त्यावरून हिशोब १८१७ चाच येत होता. निघाल्याचं वर्ष एकाने चुकलं होतं. नोंद हातात नसली की बरोबर उत्तरही ओळखता येत नाही, ते असं.

पुढच्याच वर्षी ते टकाहोच्या काठी गेले. आजीची झोपडी कधीच जमीनदोस्त झाली होती. एका जुन्या देवदाराच्या झाडावरून त्यांनी जागा ओळखली आणि तिथली मूठभर माती वॉशिंग्टनच्या घरी नेली. कागद नसलेल्या माणसाला पूर्वजांचं म्हणून तेवढंच नेता येत होतं.

१८८४ मध्ये, ॲना गेल्यानंतर, त्यांनी हेलन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी लग्न केलं. तिच्या घराण्याची वंशावळ १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या प्रवाशांपर्यंत सांगितली जाते. एकाच घरात नवराबायको. एकीचे पूर्वज अडीचशे वर्षं मागे मोजता येत होते, दुसऱ्याला स्वतःचा वाढदिवस माहीत नव्हता.

१८९४ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, ते पुन्हा बाल्टिमोरला ऑल्ड यांच्या नातवाकडे गेले. विषय तोच, तारखा. २० फेब्रुवारी १८९५ ला ते गेले, तेव्हाही प्रश्न सुटलेला नव्हता.

एक पत्रकार, एक वही

आता डिक्सन प्रेस्टन यांच्याकडे येऊ. हे मुरलेले पत्रकार उतारवयात टॅलबट काउंटीत राहायला आले आणि डग्लस यांच्या बालपणाच्या मागे लागले.

त्यांनी शोध डग्लस यांच्यापासून सुरू केला नाही, मालकापासून सुरू केला. अँथनीच्या कुटुंबाचे कागद ॲनापोलिसच्या सरकारी अभिलेखागारात पोचले होते. त्यात त्याने स्वतः ठेवलेली एक वही होती आणि तीत त्याच्या गुलामांच्या जन्माच्या नोंदी होत्या. फ्रेडरिक ऑगस्टस, आई हॅरिएट, फेब्रुवारी १८१८. बस, एवढंच. एक ओळ.

म्हणजे ऑल्ड बरोबर होता. मुक्तीच्या कागदावरचं २८ वय बरोबर होतं.

त्याच वहीत हॅरिएटचा जन्म १७९२ चा आणि आजी बेट्सीचा १७७४ चा निघाला. बेट्सीच्या आईचं नाव जेनी. आणखी मागे कसं जायचं? अँथनीला हे गुलाम बायकोकडून मिळाले होते आणि ती होती स्किनर घराण्यातली. म्हणून प्रेस्टन यांनी स्किनर घराण्याचे कागद काढले. १७४६ मधली मालमत्तेची एक यादी सापडली आणि तीत १७०१ च्या सुमारास जन्मलेला बेली नावाचा माणूस निघाला. आडनाव कुठून आलं असावं त्याचा माग लागला. डग्लस यांचं घराणं त्या मातीत पाच पिढ्या राहत होतं.

या सगळ्यावरचं प्रेस्टन यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं.

पण हे सगळ्यांना जमतं का?

पद्धत तीच आहे, रस्ता मात्र खडतर आहे. अमेरिकेत पूर्वजांचा शोध घेणारा कृष्णवर्णीय माणूस साधारण १८७० या वर्षापाशी येऊन धडकतो. मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं पहिल्यांदा १८७० च्या जनगणनेत लिहिली गेली. त्याआधी १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या. पण त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम होते. त्यातल्या बहुतेकांच्या नावाची जागा अशी रिकामी आहे.

मग प्रेस्टन यांनी केलं तेच करायचं. आधी मालक कोण हे शोधायचं. मग त्याचं मृत्युपत्र, वाटणीच्या याद्या, खरेदीखतं, गहाणखतं, मुलीच्या लग्नात दिलेली माणसं. घोडे आणि डुकरांसोबत फ्रेडरिकची किंमत ठरवणारी जी यादी आपण मघाशी पाहिली, तसल्या याद्याच इथे कामाला येतात. माणसाला मालमत्ता मानलं, म्हणून त्याचा हिशोब ठेवला. आणि हिशोब ठेवला, म्हणून आज त्याचं नाव सापडतं. हे समाधानाचं नाही, पण खरं आहे.

दुसरा मार्ग जास्त सुखाचा आहे, कारण तिथे मुक्त झालेली माणसं स्वतः बोलतात. युद्ध संपत आलं असताना त्यांच्या मदतीसाठी फ्रीडमन्स ब्यूरो हे सरकारी खातं निघालं. त्याच्या नोंदींत लग्नं, मजुरीचे करार, शिधावाटप असं सगळं आहे. हजारो स्वयंसेवकांनी २०१६ पर्यंत त्यातली सुमारे १८ लाख नावं संगणकावर शोधता येतील अशी करून ठेवली.

त्याहून भारी गोष्ट फ्रीडमन्स बँकेची. मुक्त गुलामांच्या बचतीसाठी ही बँक १८६५ मध्ये निघाली. खातं उघडताना कारकून आईवडील, भावंडं, नवरा किंवा बायको, मुलं, जुना मालक यांची नावं विचारून घ्यायचा. खातेदाराची ओळख पटावी, एवढाच त्याचा हेतू. पण विकल्या गेलेल्या भावाचं नाव कागदावर येण्याची अनेकांची ती पहिलीच वेळ असायची.

बँक गैरव्यवहार आणि मंदीत सापडली. लोकांचा विश्वास टिकावा म्हणून मार्च १८७४ मध्ये एका मोठ्या माणसाला अध्यक्ष केलं गेलं. कोण? फ्रेडरिक डग्लस. आतून बँक पोखरली आहे हे त्यांना आल्यावर कळलं. त्यांनी स्वतःचे १० हजार डॉलर घातले, तरी काही महिन्यांत ती बुडाली. साठ हजारांवर खातेदार अडचणीत आले. डग्लस यांना हा डाग शेवटपर्यंत टोचत राहिला.

पैसे गेले. वह्या राहिल्या. युटा राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी अकरा वर्षांच्या कामात त्यातली सुमारे ४ लाख ८० हजार नावं वेगळी काढली आणि २००१ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. स्वतःच्या वाढदिवसासाठी वणवण करणाऱ्या माणसाच्या अपयशी बँकेमुळे आज दुसऱ्यांना आपले आजी-आजोबा सापडतात.

वही काय सांगत नाही

वंशावळ सापडली म्हणजे सगळं सापडलं असं नाही. अँथनीच्या वहीत फ्रेडरिकच्या वडिलांचं नाव नाही. वडील गोरे होते, मालकच असावा अशी कुजबुज होती, याच्या पुढे कुणाला जाता आलेलं नाही. कायद्याने मूल आईच्या मागे गुलाम ठरायचं. मग मालकाला आईचं नाव पुरेसं होतं, बाप लिहायची गरजच नव्हती. बाप मालक असेल तर न लिहिणंच सोयीचं होतं.

आणि वहीत दिवसही नाही. फक्त महिना आणि वर्ष.

दिवस डग्लस यांनी स्वतः ठरवला, १४ फेब्रुवारी. हृदयाच्या आकाराचा तो केक आणि आई लाडाने आपल्याला व्हॅलेंटाइन म्हणायची ही आठवण, यावरून त्यांनी ती तारीख निवडली असं सांगतात. १९२६ मध्ये इतिहासकार कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, तेव्हा लिंकन यांची १२ तारीख आणि डग्लस यांची १४ तारीख ज्यात येते तो फेब्रुवारीतला आठवडा निवडला. पुढे त्याचा महिना झाला आणि तो आजही अमेरिकेत पाळला जातो.

साल मालकाच्या वहीने दिलं, तेही डग्लस गेल्यानंतर. दिवस मात्र आईचा. बारा मैल चालत येऊन एका भुकेल्या पोराच्या हातात केक ठेवणाऱ्या बाईच्या त्या भेटीची नोंद मालकाच्या वहीत सापडत नाही. ती पोराने स्वतः लिहून ठेवली, म्हणून आपल्याला माहीत आहे.